कोकणातून बुरीरामला मोटोजीपी बघायला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती विसर्जनाला गेले की फोन सुरू होतात. कुडाळ, देवगड, चिपळूण, दापोली, सगळीकडून एकच विचारणा: थायलंडला मोटारसायकलींची शर्यत बघायला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मी आणि माझा देवगडचा आंबेवाला मित्र बँकॉकहून भाड्याची गाडी घेऊन जातो. तेवढ्यावरून लोक आम्हाला जाणकार समजतात. तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलंय.

बुरीरामच का? मलेशियातलं सेपांग जवळ नाही का?

सेपांग सोपं आहे, हे खरं. क्वालालंपूरच्या विमानतळाला लागूनच सर्किट आहे. पण त्यामुळेच तिथे प्रवास असा होत नाही. उतरलात, शर्यत बघितलीत, परत आलात. शिवाय ती शर्यत ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात असते. तेव्हा आपल्याकडे भातकापणी आणि दिवाळी, आणि तिकडे दुपारचा हमखास पाऊस.

बुरीराम बँकॉकपासून साधारण ४०० किलोमीटर आत आहे, ईशान्येकडच्या इसान भागात. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने. वाटेत डोंगर, अभयारण्य, धरण, हजार वर्षांपूर्वीची देवळं. माझं मत विचाराल तर शर्यत हे निमित्त, सहल होते ती या रस्त्यावर. बँकॉकहून बुरीरामला विमान जातं, रेल्वेही जाते. पण तसंच जायचं असेल तर मग सेपांगच बरं.

भारतात मोटोजीपी झाली होती ना?

झाली, एकदाच. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. मार्को बेझेकी जिंकला आणि उन्हामुळे फेऱ्या कमी कराव्या लागल्या. २०२४ ची ठरलेली शर्यत झालीच नाही. तिच्या आशेवर बसू नका.

शर्यत नेमकी कधी असते? आंब्याच्या दिवसांत घर सोडायचं कसं?

हा खरा कोकणी प्रश्न. २०१८ ला बुरीरामला पहिली मोटोजीपी झाली. २०२४ पर्यंत ती ऑक्टोबरात असायची (२०२० आणि २०२१ ला कोरोनामुळे झाली नाही). २०२५ पासून ती हंगामाची पहिली शर्यत झाली: २०२५ ला २ मार्च, २०२६ ला १ मार्च. म्हणजे बरोबर आपल्या गळ्याशी. मोहोर, फवारण्या, पहिल्या पेट्या, सगळं याच दिवसांत. माझा मित्र निघण्याआधी फवारणीचं वेळापत्रक कागदावर लिहून भावाच्या हातात देतो आणि तरी बँकॉकच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या घरी फोन करून थ्रिप्सची, म्हणजे मोहोरावरच्या किडीची, चौकशी करतो. ज्याची बाग एकहाती आहे त्याने हट्ट करू नये. त्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरचं सेपांग बघावं.

याच सुमारास भरणारी आंगणेवाडीची जत्रा हे दुसरं कोडं. तिची तारीख तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन जाहीर होते. त्यामुळे विमानाचं तिकीट आधी आणि जत्रा नंतर असं होऊ शकतं. तारीख बदलता येणारं तिकीट थोडं महाग पडतं, पण मालवण तालुक्यातल्यांनी तेच काढावं.

आणि शिमगा?

२०२६ ला होळी शर्यतीच्याच आठवड्यात होती. रविवारी शर्यत बघून त्याच रात्री बँकॉककडे निघालात तर सोमवारी मुंबई गाठता येते, पण पुढे गावापर्यंतचं गणित तुमचं तुम्ही करा. ज्यांच्या घराकडे पालखीचा मान आहे त्यांनी ते वर्ष सोडून द्यावं. घरच्यांची बोलणी पुढच्या शिमग्यापर्यंत पुरतात.

विमान कुठून धरायचं?

रत्नागिरी आणि त्याच्या वर राहणाऱ्यांनी मुंबई. बँकॉकला साडेचार तासांच्या आसपास लागतात. सिंधुदुर्गकरांनी आधी गोव्याच्या मोपा विमानतळाची चौकशी करावी. त्या हंगामात सोयीचं विमान असेल तर मुंबईची फेरी वाचते. जिल्ह्यातला चिपी विमानतळ आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी धरू नका.

मुंबईला रेल्वेने जा. कोकणकन्या, तुतारी, मांडवी, जी मिळेल ती. मुंबई-गोवा महामार्गाच्या भरवशावर विमान पकडायला निघू नये, एवढं शहाणपण आपल्या तीन पिढ्यांना आलेलं आहे.

व्हिसा लागतो का?

जुलै २०२४ पासून थायलंडने भारतीयांना ६० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला. हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाचं संकेतस्थळ उघडून बघा. गावातल्या एजंटने मागच्या वर्षी काय सांगितलं त्यावर जाऊ नका. दुसरं म्हणजे डिजिटल आगमन कार्ड. १ मे २०२५ पासून ते सक्तीचं आहे. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, फुकट. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं भरपूर आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

आपलं लायसन्स तिथे चालतं का?

सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या. तो आपल्याच आरटीओतून मिळतो: सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस, रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरी, रायगडवाल्यांना पेण. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज, पासपोर्ट आणि तिकिटाची प्रत, १००० रुपये फी. मुदत एक वर्षाची. मूळ लायसन्सही बरोबर ठेवा, कारण एकट्या परवान्याला अर्थ नाही.

दोघंही गाडी चालवणार असाल तर दोघांनीही काढा, आणि गाडी ताब्यात घेताना दुसऱ्याचं नाव अतिरिक्त चालक म्हणून लिहून घ्या. नाव नसलेला माणूस चालवत असताना काही झालं तर विमा हात वर करतो.

मोटारसायकलींची शर्यत बघायला मोटारसायकलनेच जायला नको का?

हे विचारणारे सगळे तिशीच्या आतले असतात. बँकॉकमध्ये मोठ्या बाईक भाड्याने मिळतात. पण तीन गोष्टी लक्षात घ्या. एक्स्प्रेसवे आणि मोटरवेवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे बँकॉकच्या बाहेर पडायलाच जीव जातो. परवान्यावर दुचाकीचा शिक्का नसेल तर प्रवास विमा अपघाताचा एक पैसा देणार नाही. आणि मार्चच्या सुरुवातीला तिकडे पारा ३५ च्या पुढे असतो. जॅकेट, हेल्मेट, हातमोजे घालून ४०० किलोमीटर म्हणजे हौसेची परीक्षाच.

आंबोली, कुंभार्ली, आंबा घाट बाईकने पालथे घातलेला माणूसही पहिल्या खेपेला गाडीनेच जाऊ दे. छोटी ऑटोमॅटिक पुरते. अनामत रक्कम चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डवर अडकवतात, डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. गाडी घेताना चारही बाजूंचा व्हिडिओ काढा, चाकांच्या रिमसकट.

बरोबर कोणाला न्यावं?

सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न, पण सगळ्यात महत्त्वाचा. चौघांचा ग्रुप नको. गाडीत चौघं म्हणजे चार मतं, चार मूत्राशयं आणि एक जण कायम मागे राहिलेला. दोघं बरे.

तो दुसरा शर्यतीचा वेडा असलाच पाहिजे असं नाही. त्याला पहाटे उठता आलं पाहिजे, गप्प बसता आलं पाहिजे, आणि पैशाचा हिशेब त्याच रात्री मिटवता आला पाहिजे. मी स्पेनच्या मार्क मार्केझ या रायडरचा, मित्र त्याची बाईक बनवणाऱ्या डुकाटीविरुद्ध जो कोणी असेल त्याचा. यावर आमचं प्रवासभर भांडण चालतं आणि त्यावरच प्रवास निभावतो. पण दुपारच्या सरळसोट रस्त्यावर मला डुलकी येते असं वाटलं की तो खांद्यावर थाप मारून म्हणतो, "मेल्या, गाडी चालवतंस की सपान बघतंस? बाजूक घे." असा माणूस पाहिजे. तुमच्या वेगाचं कौतुक करणारा नको.

शर्यत बघून परतताना तर हे जास्तच लागू. स्टँडमधून बाहेर पडलेल्या प्रत्येकाचा उजवा पाय जड झालेला असतो. रविवारी संध्याकाळी कमी उत्साही असेल त्याने स्टिअरिंग धरावं.

रस्ता कसा आहे? कुठे थांबायचं?

बँकॉकहून साराबुरी, तिथून मित्राफाप रस्ता, म्हणजे महामार्ग २. पाक चोंगपर्यंत चढ, उजवीकडे खाओ यायचे डोंगर. खाओ याय हे थायलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९६२ चं. वेळ असेल तर एक मुक्काम पाक चोंगला करा, सकाळी उद्यानात जा. पुढे लाम ताखोंगचं धरण रस्त्याला लागूनच आहे. मग नाखोन राचासिमा, ज्याला सगळे कोराट म्हणतात. तिथून दक्षिणेकडून महामार्ग २४ ने नांग रोंगमार्गे बुरीराम, किंवा सरळ २२६ ने. आम्ही २४ पसंत करतो. रस्ता मोकळा, आणि देवळं त्याच बाजूला.

रस्ता चांगला आहे म्हणून गाफील राहू नका. दुभाजकात यू-टर्नच्या जागा ठेवलेल्या असतात, तिथून पिकअप गाड्या थेट वेगवान लेनमध्ये शिरतात. उजव्या लेनने बिनधास्त पळणाऱ्याची तिथे तारांबळ उडते. कडेच्या पट्ट्यातून उलट दिशेने येणारी स्कूटर आपल्याला नवीन नाही, ती तिकडेही आहे. वेगमर्यादेच्या पाट्या बघा, कॅमेरे असतात. आणि हॉर्न. वळण दिसलं की हॉर्न हा आपला घाटातला धर्म आहे, तिकडे कोणी वाजवत नाही. पहिल्या दिवशी हात आपोआप जातो, लोक वळून बघतात.

पेट्रोल पंप म्हणजे विसाव्याचं ठिकाण: स्वच्छ संडास, कॉफी, सेव्हन-इलेव्हन. पंपावरचा माणूसच तेल भरतो. "तेम थांग" म्हटलं की टाकी फुल. गॅसोहोल ९१, ९५, ई२० असे प्रकार असतात. तुमच्या गाडीला कोणतं चालतं ते टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं.

राहायचं कुठे?

बुरीराम लहान शहर आहे आणि तीन दिवसांत तिथे दोन लाखांवर प्रेक्षक आल्याची नोंद आहे. आंगणेवाडीच्या जत्रेच्या रात्री मसुऱ्यात खोली शोधल्यासारखं होतं. सहा महिने आधी मिळाली तर ठीक, नाहीतर नांग रोंग किंवा सुरीन बघा. दोन्ही ५० किलोमीटरच्या आसपास आहेत आणि गाडी असल्यावर अडत नाही. कोराटहून रोज जाऊन-येऊन करणारेही भेटतात. मला ते जमणार नाही.

कोणत्या स्टँडचं तिकीट घ्यावं?

पहिल्या खेपेला मुख्य ग्रँडस्टँड. चांग सर्किट ४.५५४ किलोमीटरचं, १२ वळणांचं, आणि बरंचसं सपाट आहे. त्यामुळे मुख्य स्टँडच्या वरच्या रांगेतून ट्रॅकचा बराचसा भाग एका नजरेत येतो. जगातल्या फार थोड्या सर्किटांवर हे सुख आहे. बहुतेक ठिकाणी तुम्हाला एक वळण दिसतं आणि बाकीचं पडद्यावर.

दुसऱ्यांदा जाल तेव्हा तिसरं वळण घ्या. लांब सरळ पट्ट्यावरून तीनशेच्या वर वेगात आलेल्या बाईक तिथे ब्रेक मारतात. मागचं चाक हवेत, रायडरचा आतला पाय फूटरेस्टवरून सुटून खाली लोंबकळतो, आणि जवळजवळ सगळा भार पुढच्या टायरवर. टीव्हीवर हे शंभरदा बघितलेलं असतं, पण १५७ किलोचं यंत्र त्या वेगातून असं थांबताना डोळ्यांसमोर बघणं निराळं. शेवटचं, बारावं वळणही मोलाचं. २०१९ ला मार्केझ आणि क्वार्तारारो यांचा फैसला शेवटच्या फेरीत लागला आणि मार्केझने विजेतेपदही तिथेच पक्कं केलं.

तिकीट अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. सोशल मीडियावर "मित्र येऊ शकत नाही म्हणून स्वस्तात" सांगणाऱ्यांपासून लांब राहा.

रविवारी थेट शर्यतीला पोहोचलो तर चालेल?

चालेल, पण पैसे वाया. शुक्रवारी सराव असतो आणि त्यातले पहिले दहा थेट पात्रता फेरीच्या (शर्यतीत कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या) दुसऱ्या टप्प्यात जातात, म्हणून शुक्रवारची दुपारही चुरशीची असते. शनिवारी पात्रता फेरी आणि दुपारी स्प्रिंट, म्हणजे १३ फेऱ्यांची अर्धी शर्यत. जिंकणाऱ्याला १२ गुण. २०२३ पासून ही पद्धत आहे. रविवारी मोटो३, मोटो२ या लहान वर्गांच्या शर्यती आणि मग मोठी, २६ फेऱ्यांची, २५ गुणांची. तिकडची वेळ आपल्यापुढे दीड तास, तेव्हा घरच्यांना फोन करताना भान ठेवा.

एकच दिवस परवडणार असेल तर मी शनिवार म्हणेन. मित्र रविवार म्हणेल.

स्टँडवर बसून शर्यत कळते का?

सगळी नाही कळत. २०२५ चं उदाहरण घ्या. मार्क मार्केझ पुढे होता आणि सातव्या फेरीत त्याने धाकट्या भावाला, अ‍ॅलेक्सला, चक्क पुढे जाऊ दिलं. स्टँडमध्ये काय झालं ते कोणालाच कळेना. बाईक बिघडली की काय, अशी कुजबुज. कारण होतं पुढच्या टायरची हवा. तिचा किमान दाब शर्यतीच्या ठरावीक फेऱ्यांत राखला नाही तर शेवटी निकालात सेकंद वाढवून मिळतात. एकटा पुढे पळणाऱ्याच्या टायरला थंड वारा लागतो आणि दाब उतरतो. दुसऱ्याच्या मागे, त्याच्या इंजिनाच्या गरम हवेत राहिलं की तो चढतो. म्हणून मार्क वीसेक मिनिटं भावाच्या मागे बसून राहिला आणि तीन फेऱ्या उरल्या असताना पुढे गेला. हे समजायला मोबाइलवर समालोचन लागतं. एक इअरफोन ठेवा.

दुसऱ्या कानात मात्र बोळा. दोन्ही कानांना ठेवलेत तर आणखी बरं. आवाज ऐकायला गेलो आणि कान कशाला झाकू, असं पहिल्या तासात वाटतं, संध्याकाळी वाटत नाही.

थाई प्रेक्षक कसे असतात?

हौशी आणि शिस्तीचे. मुख्य वर्गात उतरलेला पहिला थाई रायडर सोमकियात चांत्रा २०२५ ला शेवटच्या रांगांत झगडत होता, तरी तो समोरून गेला की स्टँड उठून उभा राहायचा. शिट्ट्या नाहीत, शिव्या नाहीत. आपल्या नाईट क्रिकेटच्या मैदानावरून गेलेल्याला जरा चुकल्यासारखं होतं.

ऊन झेपेल का?

कोकणातल्या माणसाला घामाचं कौतुक नाही. पण सावली नसलेल्या स्टँडवर पाच तास हे वेगळं प्रकरण. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, रुंद कडांची टोपी, आणि कोकम सरबताची पावडर. पाण्याच्या बाटल्या गेटवर अडवतात, पावडर कोणी विचारत नाही.

खाण्याचं काय? सोमवार पाळतो, त्याचं कसं?

मासे खाणाऱ्याची चंगळ आहे. मिठाचा जाड थर लावून, पोटात गवती चहा भरून निखाऱ्यावर भाजलेला मासा, "प्ला पाओ", मिळेल तिथे खा. गोड्या पाण्यातला असतो, म्हणून नाक मुरडू नका. सोबत चिकट भात आणि कच्च्या पपईचं झणझणीत सोम तम. त्यात आंबवलेल्या माशाचं पाणी घालतात. सुकटीच्या वासात वाढलेल्याला ते लगेच आवडतं, बाकीच्यांचं सांगता येत नाही.

सोमवार-गुरुवारवाल्यांना खरी अडचण. साध्या भाजीतही फिश सॉस पडतो. "माय साय नाम प्ला" म्हणजे फिश सॉस घालू नका, हे पाठ करा. दुकानावर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात "जे" लिहिलेलं असेल तर ते पूर्ण शाकाहारी. नाहीतर फळं आणि साधा भात. डबाबंद मेतकूट न्या. सुके बोंबील नेऊ नका, भाड्याच्या गाडीत वास बसला तर सफाईचे पैसे कापतात.

शर्यतीशिवाय काय बघावं?

फनोम रुंग. बाकी काही जमलं नाही तरी हे सोडू नका. बुरीरामपासून दक्षिणेला, विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर दहाव्या ते तेराव्या शतकांत बांधलेलं ख्मेर शिवमंदिर. बांधकाम वालुकाश्म आणि जांभा यांचं. हो, आपलाच जांभा, तीच भोकं, तोच तांबूस रंग, हात लावल्यावर तीच खरखर. मित्र अर्धा तास मूर्तींऐवजी चिऱ्यांचे सांधेच बघत होता. त्याच्या बागेचा गडगा दर पावसाळ्यात ढासळतो.

पूर्वेच्या दारावर शेषशायी विष्णूची शिल्पपट्टी आहे. १९६० च्या दशकात ती नाहीशी झाली, शिकागोच्या संग्रहालयात सापडली आणि १९८८ ला परत आली. वर्षातून चार वेळा सूर्य एका रेषेतल्या पंधरा दारांमधून आरपार दिसतो, आणि त्यातली एक वेळ मार्चच्या सुरुवातीची, मावळतीची. शर्यतीनंतर तीन-चार दिवस काढता आले तर तो योग साधू शकतो. पायथ्याजवळचं मुआंग तम हे देऊळही बघून घ्या, तिथे गर्दी नसते.

पैसे कसे न्यावेत?

एक बाहट साधारण अडीच ते तीन रुपये. फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड. एटीएम परदेशी कार्डाला दर खेपेला दोनशेहून जास्त बाहट लावतं, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढा. टोलनाके, बाजार, सर्किटवरच्या टपऱ्या यांना रोख लागते. बाकी खर्चाचा आकडा मी सांगत नाही. तो तिकीट किती आधी काढता आणि खोली कुठे मिळते यावरच ठरतो.

अपघात झाला, पोलिसांनी अडवलं तर?

पर्यटक पोलीस ११५५, इंग्रजीत बोलतात. रुग्णवाहिका १६६९, पोलीस १९१. प्रवास विमा काढल्याशिवाय निघू नका आणि त्याची प्रत दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. दारूची कायदेशीर मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम आहे, आपल्याकडे ३०. जास्त आहे म्हणून खूश होऊ नका, चालवणाऱ्याने शून्यच ठेवावी. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, ती घरीच ठेवा.

पुढच्या वर्षी जाऊ की अजून थांबू?

२०२७ पासून नियम बदलतायत. इंजिन १००० सीसीऐवजी ८५० चं, टायर मिशेलिनऐवजी पिरेली, बाईकची उंची खालीवर करणारी यंत्रणा बंद. वेग थोडा उतरेल, शर्यती कदाचित जास्त अटीतटीच्या होतील. पण निर्णय त्यावर घेऊ नका. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलीय का ते आधी बघा. माझ्याकडे आलेल्या चौकश्यांपैकी निम्म्या तिथेच अडकतात.